कमिटमधला ईमेल, आडनाव आणि वेळ: पुश केल्यानंतर काय पुसता येतं आणि काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर एक सार्वजनिक रेपो (प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांचा सगळा इतिहास), त्यात तीन वर्षांचे कमिट, म्हणजे बदलांच्या नोंदी. सुरुवातीच्या कमिटांत वैयक्तिक जीमेल, मधल्या काळातल्यांत आधीच्या कंपनीचा ईमेल, आणि सगळीकडे सासरचं आडनाव. घटस्फोटानंतर ते आडनाव विचारणाऱ्या बाईंना नको आहे. गिटहबच्या सेटिंगमध्ये ईमेल खाजगी केला, तरी अनोळखी लोकांचे मेल येणं थांबलं नाही. जुनं पुसता येईल का, आणि पुढे काय काळजी घ्यायची?

पुढचं सगळं नीट करता येतं, त्याला फार वेळही लागत नाही. मागचं मात्र फक्त तुमच्या ताब्यातल्या प्रतींतून पुसता येतं. बाकीच्यांच्या प्रतींवर तुमचा हक्क चालत नाही, आणि त्या किती आहेत हे तुम्हाला कळायला मार्गही नाही. म्हणून मी लोकांना आधी पुढची व्यवस्था लावायला सांगतो आणि मग जुन्या इतिहासाला हात लावायला. बहुतेक जण उलट्या क्रमाने करतात. इतिहास धुऊन काढतात, आणि दुसऱ्या दिवशी नव्या लॅपटॉपवरून पुन्हा जुन्याच ईमेलने पुश करतात, म्हणजे कमिट गिटहबवर चढवतात.

या नोंदी ठेवणारं साधन म्हणजे गिट. त्यातला एक कमिट उघडून बघा. ‘गिट कॅट-फाइल -पी हेड’ चालवलंत (कमांड उच्चाराप्रमाणे लिहितो आहे, टर्मिनलवर अर्थात रोमन) की सात-आठ ओळी दिसतील. पहिल्या ओळीत ट्रीचा, म्हणजे त्या वेळच्या फाइलींच्या यादीचा, हॅश (मजकुरावरून काढलेला आकडे-अक्षरांचा ठसा), दुसरीत आधीच्या कमिटचा हॅश. मग ऑथरची ओळ: नाव, कोनी कंसात ईमेल, 1970 पासूनचे सेकंद आणि टाइमझोन, +0530. त्याखाली तशीच कमिटरची ओळ (ऑथर म्हणजे बदल लिहिणारा, कमिटर म्हणजे तो कमिट नोंदवणारा). सही केलेली असेल तर तिचा गठ्ठा, आणि शेवटी संदेश. या सगळ्या मजकुराचा मिळून जो हॅश निघतो, तीच त्या कमिटची ओळख. ईमेलमधलं एक अक्षर बदललं तर हॅश बदलतो. पुढच्या कमिटमध्ये हा हॅश लिहिलेला असल्याने त्याचाही बदलतो, आणि असं करत शेवटच्या कमिटपर्यंत सगळी साखळी नवी होते. सगळी अडचण इथून सुरू होते.

सबव्हर्जन या गिटआधीच्या साधनावर काम केलेल्यांना हे विचित्र वाटतं, कारण तिथे लेखकाचं नाव हा रिव्हिजनला चिकटवलेला एक गुणधर्म असतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याने हुक (ठरावीक वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) चालू केला की तो कधीही बदलता येतो. तिथे मुळात नोंदलं जातं ते साधं युजरनेम, आणि वेळ सर्व्हर आपल्या घड्याळाने यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लावतो. गिट 2005 मध्ये लिनक्स कर्नलसाठी जन्माला आलं, आणि कर्नलचे पॅच (कोडमधल्या बदलांचे मसुदे) ईमेलनेच फिरायचे. त्या जगात पॅचवर पाठवणाऱ्याचा पत्ता असणं ही गरज होती. आज मेलने पॅच पाठवणारे मूठभर उरलेत, पण गिटला ईमेल लागतोच. आणि दिला नाहीत तर ते स्वतः बनवतं.

हे बनवणं फार लोकांच्या लक्षात येत नाही. कॉन्फिगमध्ये (गिटच्या सेटिंगच्या फाइलीत) ईमेल नसेल तर गिट संगणकावरचं युजरनेम आणि संगणकाचं नाव जोडून पत्ता तयार करतं. मॅकवर संगणकाला आपोआप मालकाचं नाव मिळतं, त्यामुळे तुमचं नाव, त्याला जोडून मॅकबुक प्रो, आणि पुढे ‘.लोकल’ असा पत्ता कमिटमध्ये जाऊन बसतो. गिट तेव्हा इशारा देतं, पण तो टर्मिनलवर वर सरकून जातो. टोपणनावाने प्रकल्प चालवणाऱ्या माणसाचं खरं नाव बाहेर पडण्याचा सगळ्यात सोपा रस्ता हाच.

यावर उपाय एका ओळीचा आहे. ग्लोबल कॉन्फिगमध्ये ‘युजर.युजकॉन्फिगओन्ली’ ही सेटिंग ट्रू करा. गिट 2.8 पासून, म्हणजे 2016 पासून, ती उपलब्ध आहे. ती लावली की गिट अंदाज बांधायचं थांबवतं, आणि ईमेल दिलेला नसेल तर कमिटच करू देत नाही. मी याच्या एक पाऊल पुढे जातो: ग्लोबल कॉन्फिगमध्ये ईमेल ठेवतच नाही. प्रत्येक फोल्डरने आपली ओळख सांगायची. त्यासाठी ‘इन्क्लूडइफ’ वापरा, जे गिट 2.13 पासून आहे. कामाचे रेपो एका फोल्डरखाली, स्वतःचे दुसऱ्या फोल्डरखाली, आणि दोघांची वेगळी कॉन्फिग फाइल. फोल्डरची शिस्त जमत नसेल तर 2.36 पासून रिमोटच्या यूआरएलवरूनही हे ठरवता येतं: कंपनीच्या सर्व्हरकडे जाणारा रेपो असेल तर कंपनीचा पत्ता, गिटहबकडे जाणारा असेल तर दुसरा. घरचे प्रकल्प कंपनीच्या पत्त्याने आणि कंपनीचे घरच्या पत्त्याने, ही सरमिसळ मला जवळजवळ प्रत्येक जुन्या रेपोत दिसते. तुमच्या मधल्या काळातले कमिट असेच झाले असणार.

आता गिटहबच्या सेटिंगबद्दल. ‘ईमेल खाजगी ठेवा’ ही खूण केलीत की दोनच गोष्टी होतात: प्रोफाइलवर ईमेल दिसत नाही, आणि वेबवरून केलेल्या बदलांना व मर्जना (दोन इतिहास जोडणाऱ्या कमिटांना) गिटहब नोरिप्लाय, म्हणजे मेल न पोहोचणारा, पत्ता लावतं. तुमच्या संगणकावर तयार होणाऱ्या कमिटशी त्या खुणेचा संबंध नाही, आणि जुन्या कमिटांशी तर नाहीच. कुठल्याही सार्वजनिक कमिटच्या पत्त्यापुढे ‘.पॅच’ जोडून ब्राउझरमध्ये उघडा. वरच ‘फ्रॉम’च्या ओळीत ईमेल दिसेल. तुम्हाला मेल करणारे तो तिथूनच, किंवा थेट रेपो क्लोन करून, म्हणजे त्याची पूर्ण प्रत उतरवून, उचलतात. त्याला हॅकर लागत नाही, चार ओळींची स्क्रिप्ट पुरते.

नोरिप्लाय पत्ता स्वतः कॉन्फिगमध्ये लिहावा लागतो. त्याची दोन रूपं आहेत. जुन्या खात्यांना नुसतं युजरनेम आणि पुढे ‘@युजर्स.नोरिप्लाय.गिटहब.कॉम’ असा पत्ता मिळायचा. 18 जुलै 2017 नंतरच्या खात्यांना युजरनेमच्या आधी एक आकडी आयडी आणि अधिकचं चिन्ह असतं. जुनं खातं असेल तरी आयडीवालाच पत्ता घ्या. उद्या युजरनेम बदललंत तर जुन्या रूपाचे कमिट तुमच्या खात्यापासून तुटतात, आयडीवाले तुटत नाहीत. तुम्ही आडनाव बदलता आहात, म्हणजे युजरनेमही बहुधा बदलणार, तेव्हा हे आधी करा. गिटलॅबवरही खाजगी कमिट ईमेलची अशीच सोय आहे, फक्त पत्त्याची ठेवण वेगळी.

त्याच पानावर ‘माझा ईमेल उघड करणारे पुश अडवा’ अशी दुसरी खूण आहे. ती जरूर लावा, पण तिच्या भरवशावर झोपू नका. गिटहबच्या स्वतःच्या माहितीनुसार ती पुशमधला सगळ्यात शेवटचा कमिट तपासते, आणि त्यातला ऑथरचा ईमेल तुमच्या खात्यात नोंदवलेला खाजगी ईमेल असेल तरच अडवते. दहा कमिट एकदम पुश केले, आधीच्या नवांत जीमेल आणि शेवटच्यात नोरिप्लाय असेल, तर ती गप्प राहते. संगणकाच्या नावावरून बनलेला तो ‘.लोकल’ पत्ता खात्यात नोंदवलेलाच नसतो, त्यामुळे तोही आरामात जातो. म्हणून आपल्या बाजूला एक प्री-पुश हुक हवा. जाणाऱ्या प्रत्येक कमिटचा ऑथर आणि कमिटर असे दोन्ही ईमेल बघायचे, आणि ठरवलेल्या पत्त्याखेरीज काही दिसलं की पुश थांबवायचा. पाच-सहा ओळींची शेल स्क्रिप्ट होते. कमिटर विसरू नका. रीबेस किंवा चेरी-पिक केल्यावर (जुने कमिट नव्या जागी पुन्हा लावल्यावर) ऑथर जुना राहतो आणि कमिटर त्या वेळच्या कॉन्फिगमधला लागतो. नेहमीच्या ‘गिट लॉग’मध्ये कमिटर दिसत नाही, त्यामुळे गळती तिथे झाली तर महिनोन्‌महिने कोणाला पत्ता लागत नाही.

कंपनीच्या जुन्या ईमेलबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण इथे धोका खाजगीपणाच्या पलीकडचा आहे. गिटहब कमिट कोणाचा हे ईमेलवरून ठरवतं. तुम्ही तो पत्ता आपल्या खात्यातून काढलात, तर ते कमिट अनाथ होतात. मग ज्याच्या हाती तो मेलबॉक्स आहे, त्याने तो पत्ता आपल्या खात्यात जोडून सत्यापित केला, की तुमचे कमिट त्याच्या चेहऱ्याने दिसू लागतात. कंपन्या जुने पत्ते नव्या माणसाला देतात, छोट्या कंपन्या बंद पडतात आणि त्यांचं डोमेन सुटतं, ते कोणीही विकत घेऊ शकतो. म्हणून इतिहासाचा निकाल लागेपर्यंत जुना पत्ता खात्यात राहू द्या. तो मेलबॉक्स आज तुमच्याकडे नसला तरी पूर्वी सत्यापित केलेला पत्ता आपण होऊन जात नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, ते. ईमेल बदलता येतो, पण कमिटवरची वेळ तुमच्याबद्दल ईमेलपेक्षा जास्त बोलते. +0530 म्हणजे भारत किंवा श्रीलंका. +0545 दिसलं की नेपाळच. दिवाळीच्या आठवड्यात +0530 आणि बाकी वर्षभर उन्हाळ्यात -0700, हिवाळ्यात -0800, एवढ्यावरून माणूस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहतो आणि सणाला घरी येतो हे कळतं. कधी जागता, कुठल्या वारी सुट्टी घेता, कधीपासून रात्रीचं काम वाढलं, मध्ये सहा महिने का गायब होता, हे सगळं सेकंदापर्यंत नोंदलेलं असतं, आणि त्याचा आलेख काढायला एक कमांड पुरते.

2024 च्या मार्चमध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअर लायब्ररीत लपवलेलं मागचं दार (बॅकडोअर) सापडलं, तेव्हा याचं जाहीर प्रात्यक्षिकच झालं. ‘जिया तान’ या नावाने कोणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावत होतं, आणि त्या काळात सहदेखभालदारही झालं होतं. नाव उघडच टोपणनाव. संशोधकांनी कमिट काढून पाहिले, तर बहुतेकांवर +0800 होतं, आणि थोड्या कमिटांवर हिवाळ्यात +0200 तर उन्हाळ्यात +0300. म्हणजे घड्याळ उन्हाळी-हिवाळी बदलणाऱ्या पूर्व युरोपच्या बाजूच्या प्रदेशाचा नमुना. त्यावरून काहींनी तर्क मांडला की +0800 मुद्दाम लावलेलं असावं आणि कधीकधी लावायचं राहून गेलं असावं. हा पुरावा नव्हे, कारण वेळ कोणालाही खोटी घालता येते. पण जाणूनबुजून लपणाऱ्याचीही घड्याळाशी गाठ पडली, तिथे तुम्ही-आम्ही तर काही लपवायचा विचारच केलेला नसतो.

टाइमझोन लपवणं सोपं आहे: कमिट करताना ‘टीझेड’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल यूटीसी ठेवा, एखाद्या अलायसमध्ये बसवून टाका. मात्र नुसत्या यूटीसीने तास लपत नाहीत. रोज यूटीसीप्रमाणे साडेतीन ते साडेबाराच्या दरम्यान कमिट दिसले, तर ती भारतातली नऊ ते सहाची वेळ आहे हे कोणीही ओळखेल. तासही नको असतील तर ‘गिट_ऑथर_डेट’ आणि ‘गिट_कमिटर_डेट’ या दोन्हींना त्या दिवसाची मध्यरात्र द्या. ‘गिट-प्रायव्हसी’ नावाचं एक छोटं पायथन साधन हेच हुक लावून करतं. मिनिटं-सेकंद पुसायचे की तासही, हे त्यात सांगता येतं. दोन्हींपैकी एकच तारीख बदलणारे खूप असतात, मग ऑथर मध्यरात्रीचा आणि कमिटर दुपारी 3 वाजून 14 मिनिटांचा, असा हास्यास्पद इतिहास तयार होतो.

आणि हे केलं तरी पुशची वेळ उरतेच. ती गिटहबच्या सार्वजनिक घटनांच्या यादीत येते, आणि जीएच अर्काइव्ह हा प्रकल्प 2011 पासून अशा घटना तासातासाने साठवतो आहे. ज्याला खरंच वेळ लपवायची आहे त्याने दिवसभराचे कमिट साठवून ठरलेल्या एका वेळी आपोआप पुश व्हावेत अशी व्यवस्था करावी. माझं मत विचाराल तर बहुतेकांनी टाइमझोन यूटीसी करावा आणि तिथे थांबावं. त्यापुढची कसरत ज्यांच्यामागे कोणी हात धुऊन लागलंय त्यांच्यासाठी. 2022 मध्ये मूनलायटिंगवरून (नोकरी करताना बाहेरचं काम घेण्यावरून) आपल्याकडे गदारोळ झाला, तेव्हा ऑफिसच्या वेळेतले कमिट कसे लपवायचे हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. तो प्रश्न नोकरीच्या कराराचा आहे. तो करार वाचा. गिटच्या तारखा फिरवून तो सुटत नाही.

सहीबद्दल थोडक्यात. कमिटवर सही करायच्या जीपीजी कीमध्ये नाव आणि ईमेल लिहिलेले असतात, आणि गिटहबवर चढवलेली की कोणालाही युजरनेमपुढे ‘.जीपीजी’ लावून उतरवता येते. म्हणजे कमिटमध्ये नोरिप्लाय आणि कीमध्ये जीमेल, असा प्रकार होतो. गिट 2.34 पासून एसएसएच कीने सही करता येते, त्या सहीत ईमेल नसतो. पण सार्वजनिक की सहीतच गुंफलेली असते, त्यामुळे दोन टोपणनावांनी काम करून एकच की वापरलीत तर दोन्ही नावं एकाच माणसाची हे सिद्ध करून दिल्यासारखं होतं. वेगळी ओळख तर वेगळी की.

आता मागचं. आधी काय काय बाहेर आहे याची यादी काढा. ‘गिट शॉर्टलॉग -एसएनई --ऑल’ ही ऑथरची यादी देते, त्यात ‘-सी’ घातलं की कमिटरची. मग संदेशांत शोधा: ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आणि ‘को-ऑथर्ड-बाय’ या ओळींत नाव-ईमेल असतात. अ‍ॅनोटेटेड टॅगमध्ये (एखाद्या आवृत्तीवर संदेशासकट लावलेल्या खुणेत) टॅग करणाऱ्याचा ईमेल असतो. आणि फाइलींच्या आतही बघा: पॅकेजच्या माहितीतलं लेखकाचं नाव, ज्युपिटर नोटबुकच्या निकालात उमटलेला ‘/युजर्स/’पासून सुरू होणारा पूर्ण पाथ, रीडमीमधले स्क्रीनशॉट. एका कंपनीने आतला रेपो सार्वजनिक करायचं ठरवलं होतं, तेव्हा त्यांच्यासमोर ही यादी काढली होती. सोडून गेलेल्या एका इंजिनिअरचा जन्मसालासकट वैयक्तिक पत्ता, कोणाच्या तरी घरच्या संगणकाचं नाव, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘मर्ज ब्रँच मेन ऑफ’ अशा आपोआप बनलेल्या संदेशांत आतल्या सर्व्हरचं पूर्ण नाव, शेकडो वेळा. ते संदेश कोणी हाताने लिहिलेले नव्हते, म्हणून कोणी वाचलेलेही नव्हते.

इतिहास पुन्हा लिहायचं साधन ‘गिट फिल्टर-रेपो’. जुनं ‘फिल्टर-ब्रँच’ वापरू नका, गिटच्याच कागदपत्रांत ते टाळायला सांगितलं आहे. एक मेलमॅप फाइल करा, प्रत्येक ओळीत आधी नवं नाव, नवा ईमेल आणि मग जुना ईमेल. ताजा क्लोन घ्या आणि फिल्टर-रेपोला ‘--मेलमॅप’ने ती फाइल द्या. ते ऑथर, कमिटर आणि टॅग करणाऱ्याचं नाव बदलतं. संदेशातल्या ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळींना मात्र हात लावत नाही. त्यासाठी ‘--रिप्लेस-मेसेज’ वेगळं द्यावं लागतं, आणि फाइलींतल्या मजकुरासाठी ‘--रिप्लेस-टेक्स्ट’. ‘काम झालं’ म्हणून दाखवायला आणलेल्या रेपोत जुनं आडनाव मला नेहमी याच ओळींत सापडतं. जुन्या सह्या या प्रक्रियेत गळून पडतात, ते अटळ आहे, कारण सही होती ती जुन्या मजकुरावर. ‘ओरिजिन’ हा रिमोटही काढला जातो, तो तुम्ही चुकून लगेच पुश करू नये म्हणून.

मेलमॅप फाइल नुसती रेपोत ठेवली, इतिहास न बदलता, तर ‘गिट लॉग’ आणि ‘शॉर्टलॉग’मध्ये नवं नाव दिसतं. नाव बदललेल्या अनेकांना प्रकल्प हाच मार्ग सुचवतात. तो सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखा आहे, जुनं नाव कंसात जातं पण कागदावर राहतं. उलट मेलमॅपमध्ये जुना आणि नवा पत्ता शेजारी शेजारी लिहिलेले असतात, म्हणजे शोधणाऱ्याचं काम तुम्हीच सोपं करून ठेवता. नवं नाव नीट दिसावं एवढंच हवं असेल तर चांगला उपाय. जुन्या नावापासून कोणीतरी नव्या नावापर्यंत पोहोचू नये असं असेल, तर अजिबात नाही.

फोर्स-पुशनंतर, म्हणजे जुन्या इतिहासावर नवा जबरदस्तीने चढवल्यावर, काय उरतं? गिटहबवर जुने कमिट ब्रँचवरून दिसेनासे होतात, पण हॅश माहीत असेल तर उघडतात. पुल रिक्वेस्टचे (‘माझे बदल सामावून घ्या’ अशा विनंत्यांचे) रेफ, म्हणजे कमिटकडे बोट दाखवणारी नावं, तुम्हाला बदलता येत नाहीत, ते फक्त वाचायचे असतात. फोर्क (दुसऱ्याने आपल्या खात्यात घेतलेली प्रत) आणि मूळ रेपो गिटहबच्या आत एकाच वस्तुसाठ्यात असल्याने एका बाजूने पुसलेला कमिट दुसऱ्या बाजूने मिळू शकतो. 2024 मध्ये ट्रफल सिक्युरिटी या सुरक्षा कंपनीने हे उदाहरणांनिशी मांडलं, तेव्हा गिटहबचं म्हणणं होतं की रचना अशीच ठरवलेली आहे. गिटहबच्या सपोर्टला लिहून जुने कमिट आणि कॅश काढायची विनंती करता येते, जरूर करा, पण ईमेल पत्ता त्यांना तेवढा संवेदनशील वाटेलच असं नाही. शिवाय फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेने 2016 मध्ये जाहीर केलेलं सॉफ्टवेअर हेरिटेज सार्वजनिक कोड इतिहासासकट जतन करतं, आणि तुमचा रेपो त्यात आहे का हे त्यांच्या शोधपेटीत यूआरएल टाकून दोन मिनिटांत कळतं. फिल्टर-रेपो चालवायच्या आधी हे बघून घ्या.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यात कलम 17 खाली माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे, पण त्यालाच सार्वजनिक हितासाठीच्या जतनासारखे अपवादही आहेत. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम 3 तर स्पष्टच म्हणतं की व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. सार्वजनिक रेपोत स्वतः पुश केलेला ईमेल त्यात बसतो असंच मला वाटतं, मात्र मी वकील नाही. दुसऱ्यांच्या प्रकल्पांना योगदान देताना ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहिलं असेल, तर ज्या डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनला तुम्ही मान्यता देता, त्याचं शेवटचं कलमच सांगतं की हे योगदान सार्वजनिक आहे आणि सहीसकट तुमची वैयक्तिक माहिती अनिश्चित काळ राहील. ते वाचून ती ओळ लिहिणारे फार कमी. पण खरं नाव द्यायलाच हवं हा आग्रह सैल होतो आहे. लिनक्स कर्नलच्या नियमांत आधी टोपणनाव चालणार नाही असं होतं. 2023 पासून लोकांना माहीत असलेली ओळख पुरे, फक्त निनावी नको, असं झालं.

तुमच्या रेपोपुरतं बोलायचं तर दोन रस्ते आहेत. फोर्क नाहीत, बाहेरच्यांच्या पुल रिक्वेस्ट नाहीत, आणि सॉफ्टवेअर हेरिटेजमध्ये नोंद नाही, असं निघालं तर फिल्टर-रेपो करा, पण त्याच रेपोवर फोर्स-पुश करू नका. साफ केलेला इतिहास नव्या रेपोत चढवा आणि जुना रेपो पूर्ण डिलीट करा. पुल रिक्वेस्टचे रेफ आणि हॅशवरून उघडणारे कमिट हा सगळा गुंता त्याने टळतो. स्टार आणि इश्यू जातील, ते गेले तर गेले. फोर्क असतील तर मात्र डिलीट करूनही जुने कमिट त्यांच्यात राहणार, तेव्हा अपेक्षा तेवढीच ठेवा: सहज शोधणाऱ्याला सापडणार नाही, मुद्दाम खणणाऱ्याला सापडेल. पुष्कळांना एवढंही पुरतं, विशेषतः त्रास स्पॅमचा असेल तर. आडनावामागे कोणी विशिष्ट माणूस असेल आणि भीती त्याची असेल, तर हा रेपो तसाच सोडून द्या, त्याला हात लावून लक्ष वेधून घेऊ नका, आणि नवं काम नव्या खात्याने, नव्या कीने, जुन्या खात्याशी कसलाही दुवा न ठेवता सुरू करा.

दुसरा रस्ता, ज्याकडे माझा जास्त कल असतो: इतिहासाची गरज आहे का हे स्वतःला विचारा. एकटीचा प्रकल्प असेल, तीन वर्षांपूर्वीची एखादी ओळ का बदलली हे शोधायची वेळ येत नसेल, तर आजच्या स्थितीचा एकच कमिट करून नवा रेपो उघडा आणि जुना स्वतःपाशी खाजगी ठेवा. इतरांनी कोड दिला असेल तर त्यांची नावं ऑथर्स फाइलमध्ये त्यांना विचारून लिहा, परवान्यातल्या कॉपीराइटच्या ओळी तशाच ठेवा. आतला रेपो सार्वजनिक करणाऱ्या कंपन्यांनाही मी हेच सांगतो. त्यांना सतत आतून बाहेर कोड न्यायचा असेल तर गूगलचं कॉपीबारा हे साधन आहे, त्यात बाहेरच्या कमिटवर कोणाचं नाव जाईल हे आधीच ठरवून ठेवता येतं.

कुठलाही रस्ता घ्या, पण जुन्या इतिहासाचे क्लोन ज्यांच्याकडे आहेत त्यांना कळवा, आणि पुल न करता (जुन्या प्रतीत नवे बदल ओढून न घेता) नव्याने क्लोन करायला सांगा. तुमच्या स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवरची प्रतही त्यात मोजा. नव्या रेपोचा रिमोट जुन्या क्लोनला जोडून कोणी पुल केलं, तर दोन्ही इतिहास कुठेतरी मागे जुळत असतील तिथून मर्ज होतात, आणि पुढच्या पुशबरोबर जुने सगळे कमिट जुन्या ईमेलसकट पुन्हा वर येतात. जुळत नसतील तर गिट ‘असंबंधित इतिहास’ म्हणून नकार देतं, आणि मग नेटवर शोधून ‘--अलाव-अनरिलेटेड-हिस्टरीज’ लावणारा एक जण प्रत्येक टीममध्ये असतो. मेन ब्रँचवर थेट पुश बंद ठेवा, आणि आधी सांगितलेली ईमेलची तपासणी पुल रिक्वेस्टवरच्या सीआयमध्येही (आपोआप चालणाऱ्या तपासण्यांतही) घाला, म्हणजे असा मर्ज निदान मेनमध्ये शिरायच्या आधी लाल दिसेल.